फार्दर की फर्दर? ‘ए’ कुणाचा, ‘यू’ कुणाचा

पावसाळ्यात विश्वामित्री फुगली, काळा घोडा पुलाखालचं पाणी वर सरकायला लागलं, की बडोद्यातल्या पालकांचे व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप जागे होतात. शाळेची नोटीस येते: पुढील सूचना मिळेपर्यंत शाळा बंद. इंग्रजी नोटिशीत या ‘पुढील सूचने’ला ‘फर्दर नोटिस’ म्हणतात. एखाद्या वर्षी तो शब्द कुणीतरी ‘यू’ऐवजी ‘ए’ घालून टाइप करतं आणि पुराची चर्चा बाजूला राहून स्पेलिंगवर भांडण जुंपतं. एक बाजू म्हणते, शाळेलाच इंग्रजी येत नाही. दुसरी म्हणते, दोन्ही चालतं. उरलेल्यांना मगर कुठल्या सोसायटीत शिरली याची जास्त काळजी असते, आणि तेच शहाणे.

नोटिशीपुरता निकाल पहिल्या बाजूने लागतो. तिथे ‘ए’ चालत नाही. पण का चालत नाही, याचं जे उत्तर आपण शाळेत पाठ केलं, ते अर्धंच खरं आहे. उरलेल्या अर्ध्यात संस्कृत येतं, आपल्या रोजच्या मराठीतले चार-पाच शब्द येतात, आणि बडोद्याच्या गादीची एक गोष्टही येते.

## आधी दोघांची ओळख

दोन शब्द आहेत. एक एफ-ए-आर-टी-एच-ई-आर, त्याला इथे फार्दर म्हणू. दुसरा एफ-यू-आर-टी-एच-ई-आर, म्हणजे फर्दर. दोन्ही ‘फार’ या इंग्रजी विशेषणाची, म्हणजे ‘लांब’ या अर्थाच्या शब्दाची, तुलनावाचक रूपं मानली जातात. दोन गोष्टींची तुलना करताना विशेषणाचं रूप बदलतं, त्याला तुलनावाचक रूप म्हणायचं. व्याख्या एवढीच.

मराठी माणसाला ही गोष्ट मुळात अवघड जाते, कारण आपलं विशेषण तुलनेसाठी जागचं हलत नाही. बडोद्याहून सुरत दीडशे किलोमीटर, मुंबई चारशेच्या आसपास. आपण म्हणतो, ‘सुरतेपेक्षा मुंबई लांब’. ‘लांब’ आहे तसाच राहिला, कामाचं ओझं ‘पेक्षा’ने उचललं. शेजारच्या गुजराती घरात हेच काम ‘करतां’ करतो: ‘सुरत करतां मुंबई दूर’. इंग्रजीत मात्र विशेषणालाच शेपूट जोडावं लागतं. टॉलचं टॉलर, नियरचं नियरर.

या हिशोबाने फारचं काय व्हायला हवं? ‘फारर’. मधला तो ‘थ’, म्हणजे टी आणि एच ही दोन अक्षरं, कुठून आली? शाळेत हा प्रश्न कुणी विचारत नाही. खरी गोष्ट तिथूनच सुरू होते.

## ‘फारर’ खरोखरच होता

जुन्या इंग्रजीत, म्हणजे साधारण 1100 च्या आधीच्या इंग्रजीत, ‘लांब’ला ‘फेऑर’सारखा शब्द होता. त्याचं तुलनावाचक रूप त्याच्याच पोटातून आलेलं होतं, आणि पुढे त्याचं ‘फेरर’, ‘फारर’ असं काहीसं झालं. त्यात कुठेही ‘थ’ नव्हता.

त्याच काळात दुसऱ्या एका घरात फर्दर नांदत होता. त्याचा अर्थ ‘जास्त लांब’ असा नव्हता, ‘जास्त पुढे’ असा होता. पुढच्या जागी, पुढच्या वेळी, आणखी. लांब असणं आणि पुढे असणं या दोन कल्पना शेजारी-शेजारी राहतात. चालणारा माणूस जितका पुढे जातो तितका तो लांबही जातो. बोलणाऱ्यांनी हळूहळू फर्दर हा फारचाच समजायला सुरुवात केली. 1300 च्या सुमारास त्याचं ‘ए’ असलेलं एक रूप लिखाणात दिसू लागतं, कारण फारच्या स्वराची छाया त्याच्यावर पडली होती. सतराव्या शतकापर्यंत प्रमाण इंग्रजीत फारर जवळजवळ संपला आणि त्याच्या जागी फार्दर बसला.

बडोदेकरांना हे समजायला अवघड जाऊ नये. 1875 मध्ये गायकवाडांच्या गादीला वारस हवा होता, तेव्हा महाराणी जमनाबाईंनी नाशिककडच्या कवळाण्याच्या गोपाळरावांना दत्तक घेतलं. घर बदललं, नाव बदललं, गोपाळरावांचे सयाजीराव झाले. फारच्या घरचा वारस असाच संपला आणि ‘पुढे’च्या घरचा मुलगा, फर्दर, दत्तक आला. येताना त्याने ‘यू’ सोडून ‘ए’ घेतला, म्हणजे नव्या घराचं नाव लावलं, पण अंगातला ‘थ’ मूळ घरचाच राहिला. फरक इतकाच की इथे तोच मुलगा जुन्या घरीही राहिला, जुन्याच नावाने. म्हणून आज दोन स्पेलिंगं आहेत.

थोडक्यात, फार्दर आणि फर्दर हे दोन वेगळे शब्द नव्हतेच. एकाच शब्दाची दोन रूपं होती, आणि त्यांच्यातली वाटणी नंतर झाली.

## तो ‘थ’ म्हणजे आपला ‘तर’

फर्दर स्वतः कुठून आला, यावर जाणकारांची दोन मतं आहेत. एक मत असं: इंग्रजीत ‘फोर्थ’ म्हणजे ‘पुढे’ (चौथा या अर्थाचा फोर्थ वेगळा), त्याला ‘अर’ जोडून फर्दर. दुसरं मत असं: ‘फोर’ म्हणजे ‘पुढचा’, त्याला ‘दर’ हा जुना तुलनावाचक प्रत्यय. दोन्ही मतांत ‘फार’ला जागा नाही, हे आधी लक्षात घ्या. माझा कल दुसऱ्या मताकडे आहे, कारण तो ‘दर’ प्रत्यय इंग्रजीत इतरत्र सापडतो आणि आपल्याकडे तर ढिगाने सापडतो.

गुजरातच्या शिक्षण बोर्डाच्या नावात ‘उच्चतर माध्यमिक’ असं लिहितात. महाराष्ट्र मंडळाने नुसतं ‘उच्च माध्यमिक’ ठेवलं, गुजरातने ‘तर’ लावला. संस्कृतात दोघांतला जास्त असेल त्याला ‘तर’ आणि सगळ्यांत जास्त असेल त्याला ‘तम’ लागतो. उच्च, उच्चतर, उच्चतम. (हा तर ‘जर-तर’मधला नव्हे.) तर कुठे लावावा आणि तम कुठे, हे ज्याला कळतं त्याच्याकडे तारतम्य आहे, असं आपण म्हणतो. ‘तारतम्य’ हा शब्द याच दोन प्रत्ययांपासून बनलाय, हे व्याकरणाला कंटाळणाऱ्यांना आवर्जून सांगावं.

हा ‘तर’ आपल्या बोलण्यात इतका मुरलाय की दिसत नाही. ‘उत्तर’ म्हणजे उद् अधिक तर, ‘जास्त वरचा’ किंवा ‘नंतरचा’. म्हणून स्वातंत्र्योत्तर म्हणजे स्वातंत्र्यानंतरचं. ‘इतर’मध्ये तोच. भाषांतर, देशांतर, रूपांतर यांतलं ‘अंतर’ म्हणजे ‘दुसरा’: दुसरी भाषा, दुसरा देश, दुसरं रूप. इंग्रजीतला ‘अदर’ हा या अंतरचाच भाऊ आहे, अर्थही तोच, प्रत्ययही तोच. किलोमीटरमध्ये मोजायचं अंतर मात्र वेगळ्या मुळातून आलंय. ते ‘मधलं, आतलं’ या अर्थाचं. तसंच ‘वेदर’, हवामानाचा नव्हे तर ‘की नाही’ या अर्थाचा, हा संस्कृतातल्या ‘कतर’चा नातलग आहे. कतर म्हणजे दोघांपैकी कोणता. अदर, वेदर, फर्दर, तिघांच्या शेवटी एकच ‘दर’, आणि त्याच्यामागे एकच ‘तर’.

मग फर्दरचा संस्कृत जोडीदार कोण? पहिल्या भागाशी ‘प्र’ जुळतो. प्रगती, प्रयाण, प्रस्थान यांतला पुढे नेणारा प्र. त्याला तर जोडला की ‘प्रतर’. हा शब्द मी कल्पनेने बनवत नाही. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडळातल्या अठराव्या सूक्तात, मृत्यूला मागे सारणाऱ्या त्या सूक्तात, ‘द्राघीय आयुः प्रतरं दधानाः’ असं आलंय. आयुष्य अधिक दीर्घ, अधिक पुढे नेणारे, असा अर्थ. प्रतरम् म्हणजे अधिक पुढे. शाळेच्या नोटिशीतला फर्दर आणि हा प्रतरम् यांची बांधणी, दुसरं मत मान्य केलं तर, एकाच नकाशावरची आहे.

त्याच ओळीतला ‘द्राघीय’ही सोडू नका. दीर्घचं तुलनावाचक रूप, पण यात तर नाही, ‘ईय’ आहे. संस्कृतात तुलनेची ही दुसरी पद्धत: ईयस् आणि इष्ठ. गरीयसी यातली. कनिष्ठ, वरिष्ठ, ज्येष्ठ, श्रेष्ठ सगळे यातले. टॉलर-टॉलेस्टमधले अर आणि एस्ट हे या ईयस् आणि इष्ठ यांचे नातलग आहेत. सर्वांत स्पष्ट जोडी हवी असेल तर ‘स्वादिष्ठ’ आणि ‘स्वीटेस्ट’ हे दोन शब्द एकामागे एक मोठ्याने म्हणून पाहा. मूळही एक, प्रत्ययही एक. आपण मराठीत तो ‘स्वादिष्ट’ असा ट घालून लिहितो आणि श्रीखंडाला बिनदिक्कत ‘जास्त स्वादिष्ट’ म्हणतो, म्हणजे ‘अधिक सर्वांत गोड’. चालतंय. इंग्रजही कधीकाळी असंच वागले.

आता चित्र जुळतं. इंग्रजीतल्या बहुतेक विशेषणांनी ईयस्‌ची वाट धरली, मोजक्या शब्दांनी तरची. फर्दर हा तरच्या वाटेवरचा. म्हणून त्याच्यातला ‘थ’ हा उगाच घुसलेला नाही, तुलनेचं काम तोच करतो. फार्दरच्या स्पेलिंगमध्ये मात्र तो परका वाटतो, कारण तिथे तो दत्तक आलाय.

## ‘मग इंग्रजी फार आणि मराठी फार एकच ना?’

ही शंका मराठी माणसाला आल्याशिवाय राहत नाही. ‘फार लांब’ म्हणताना आपण एका दमात दोन भाषा बोलतोय असं वाटतं. दुर्दैवाने नातं नाही. आपला ‘फार’ संस्कृत ‘स्फार’पासून आला. स्फार म्हणजे विस्तीर्ण, विपुल. त्यातला स गळाला आणि फार उरला. ‘लांब’शी त्याचा संबंध नाही; फार तिखट, फार जवळ, असंही आपण म्हणतोच.

आणि गंमत अशी की दोन्ही शब्द ‘फ’ने सुरू होतात, हाच नातं नसल्याचा संशय घेण्यासारखा पुरावा आहे. इंग्रजीतला जुना, अस्सल फ जिथे असतो तिथे संस्कृतात बहुधा प मिळतो. पितृ आणि फादर. पद आणि फूट. पंच आणि फाइव्ह. पूर्ण आणि फुल. तसंच संस्कृत त जिथे, तिथे इंग्रजी थ: त्रि आणि थ्री, तनु आणि थिन. म्हणून संस्कृतात प्र तिथे इंग्रजीत फोर, आणि तर तिथे दर. हा नियम याकोब ग्रिम या जर्मन पंडिताने 1822 मध्ये नीट मांडला. रास्मुस रास्क या डॅनिश अभ्यासकाने त्याचा बराचसा भाग त्याआधीच, 1818 मध्ये, दाखवला होता. ग्रिम म्हणजे परीकथा गोळा करणाऱ्या दोघा भावांतला थोरला. मुलांना झोपवणाऱ्या गोष्टी आणि भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्यांची झोप उडवणारा नियम, एकाच माणसाच्या नावावर.

मग इंग्रजी फारचा आपल्याकडचा खरा नातलग कोण? फच्या जागी प ठेवून शोधा: ‘पर’. पलीकडचा, लांबचा. परदेश, परगाव, परलोक. अहमदाबादला ‘फार’ म्हणणारा इंग्रज आणि अहमदाबादला ‘परगाव’ म्हणणारा बडोद्याच्या दांडिया बाजारातला आजोबा, दोघं एकाच मुळातून बोलतायत.

## ‘पण अंतराला ए आणि बाकीला यू, हा नियम तर पक्का आहे?’

शाळेत शिकवतात तो नियम असा: मोजता येणाऱ्या अंतरासाठी फार्दर, वेळ, प्रमाण, चर्चा अशा न मोजता येणाऱ्या गोष्टींसाठी फर्दर. मुंबई फार्दर, चौकशी फर्दर.

इतिहासात या वाटणीला आधार नाही. शेकडो वर्षं इंग्रज माणूस दोन्ही अर्थांना दोन्ही रूपं वापरत आला. वाटणी ही नंतरच्या नीटनेटकेपणाच्या हौसेतून आली: दोन स्पेलिंगं आहेत ना, मग दोघांना दोन कामं देऊ. तिच्यामागे थोडा तर्क आहे, नाही असं नाही. ‘ए’ पाहिला की फार आठवतो, आणि फार म्हटलं की अंतर. 1890 च्या दशकात ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशाने लिहिलं की फारची तुलना मनात असेल तिथे सहसा ए, फारचा संबंधच नसेल तिथे यू, आणि या दोहोंच्या मध्ये पुष्कळ वाक्यं अशी की जिथे निवड केवळ मर्जीची. मधला मोठा पट्टा मर्जीचा आहे, हे शालेय पुस्तकांनी गाळलं.

आज ब्रिटनमध्ये अंतरासाठीही फर्दर सर्रास चालतो. ‘दोन मैल फर्दर’ म्हटल्याने तिथे कुणाची भुवई वर जात नाही. अमेरिकेत नियम जास्त पाळतात. तिथल्या असोसिएटेड प्रेसची शैलीपुस्तिका अंतराला फार्दर आणि वेळ-प्रमाणाला फर्दर असंच सांगते. आपल्याकडची पाठ्यपुस्तकं स्पेलिंग ब्रिटिश ठेवतात, कलरमध्ये ‘यू’ घालतात, पण या एका नियमात अमेरिकनांइतकी कडक होतात. हे असं का, देव जाणे.

नियमाची दुसरी बाजू मात्र खरोखर पक्की आहे, आणि नोटिशीचा निकाल तिच्यावरच लागतो. जिथे अर्थ ‘आणखी’, ‘पुढील’ असा आहे तिथे आजच्या इंग्रजीत यूच हवा. फर्दर नोटिस, फर्दर ऑर्डर्स, फर्दर इन्फर्मेशन. ब्रिटनमधलं शाळेनंतरचं ‘फर्दर एज्युकेशन’. ‘शिवाय’ या अर्थाचा ‘फर्दरमोर’. आणि ‘पुढे नेणे’ हे क्रियापद: करिअर फर्दर करतात, फार्दर करत नाहीत. यात ऐतिहासिक न्यायही आहे, कारण ‘पुढे’ हाच फर्दरचा पहिला अर्थ. दत्तक गेलेल्याला नव्या घरची मालमत्ता मिळते, जुन्या घरच्या जमिनीवर हक्क राहत नाही. म्हणून फर्दर फार्दरच्या अंगणात जाऊ शकतो, उलट होत नाही.

## ‘एवढा गोंधळ आहे तर एक शब्द काढून का टाकत नाहीत?’

काढणार कोण? इंग्रजीला साहित्य अकादमी नाही की शुद्धलेखन ठरवणारं महामंडळ नाही. शब्द वापरातून जातात, आदेशाने जात नाहीत. तरीही फाउलर या इंग्रज व्याकरणकाराने 1926 मध्येच नोंदवलं होतं की लोक दोन्ही शब्द वेगवेगळ्या प्रसंगी वापरतच नाहीत. बहुतेक जण एकच धरून चालतात, आणि बहुमत फर्दरच्या बाजूने आहे.

फार्दरची एक पंचाईत उच्चाराचीही आहे. दक्षिण इंग्लंडच्या प्रमाण उच्चारात मधला ‘र’ बोलत नाहीत. त्यामुळे फार्दर आणि ‘बाप’ या अर्थाचा फादर हे दोन शब्द तिथे कानाला तंतोतंत एकच लागतात. आपण तो र ठणकावून म्हणतो, म्हणून आपली सुटका झाली.

## परीक्षेत काय लिहायचं?

बँक किंवा स्टाफ सिलेक्शनच्या तयारीला बसलेल्या मुलांना इतिहास ऐकवून उपयोग नाही, त्यांना मार्क हवेत. त्यांच्यासाठी: ‘आणखी’ किंवा ‘पुढील’ घालून वाक्य जुळतं का पाहा. जुळलं तर यू, तिथे वाद नाही. वाक्यात किलोमीटर, मैल, गाव, रस्ता असं शुद्ध अंतर असेल आणि पर्यायांत दोन्ही शब्द असतील, तर ए निवडा, कारण उत्तरतालिका बनवणाऱ्याच्या हाताशी शाळेचाच नियम असतो. ‘मोअर फर्दर’ कधीही लिहू नका. तुलना आत आधीच आहे, ती दोनदा होते. परीक्षेबाहेर, अर्जात, ईमेलमध्ये, नोटिशीत, शंका आली की यू. तो सहसा कुठेच चुकीचा ठरत नाही.

खरी अडचण मधल्या पट्ट्यातल्या वाक्यांची. ‘तो दमला होता, पुढे चालू शकला नाही’ याचं इंग्रजी करताना फार्दर की फर्दर? चालणं म्हणजे अंतर, म्हणून ए. पण ‘पुढे’ म्हणजे ‘आणखी’, म्हणून यू. दोन्ही बरोबर आहेत. अशा वाक्यात एकाला चूक ठरवून अर्धा-पाव मार्क कापणारा प्रश्न निघाला, तर तो प्रश्नच वाईट आहे. उत्तरतालिकेवर हरकत घेण्याची मुदत असते, ती घ्यावी, सोबत कुठल्याही चांगल्या ब्रिटिश कोशातली त्या शब्दाची नोंद जोडावी.